'ओल्ड' लिहिलेली ओळ

या रमजानमध्ये माझा भाचा आठ दिवस सोलापूरला आमच्याकडे राहायला होता. पुण्यातल्या एका कंपनीत तो चिप डिझाइनचं काम करतो. काम म्हणजे काय, तर आमच्या दिवाणखान्यात लॅपटॉप उघडून बसायचं आणि त्यातल्या काळ्या विंडोतून कुठल्या तरी दूरच्या युनिक्स मशीनवर लॉगिन करायचं. मशीन तिकडे, माणूस इकडे. अम्मीला अजून वाटतं की पोरगं रात्रभर मोबाइलसारखंच काहीतरी बघत बसतं.

त्या रात्री तरावीह आटोपून मी घरी आलो, जेवलो, वह्या तपासायला बसलो. सव्वाअकराच्या सुमारास लाइट गेली आणि चार-पाच मिनिटांत आली. लॅपटॉपला बॅटरी होती, पंख्याला इन्व्हर्टर होता. राउटर मात्र साध्या बोर्डावर. थोड्या वेळानं भाच्याचा आवाज आला, "क्या है यार!" काळी विंडो थिजली होती. काहीही टाइप केलं तरी अक्षर उमटत नव्हतं. आठ वाजता लावलेला एक मोठा प्रोग्रॅम त्याच विंडोतून चालू होता, साडेबाराच्या आसपास संपणार होता आणि सकाळी नऊ वाजता त्याचा निकाल वरिष्ठांपुढे ठेवायचा होता.

"अटक गया मामू. बंद करके फिर खोलतूं," असं म्हणत त्यानं विंडोच्या कोपऱ्यातल्या फुलीकडे माउस नेला.

"थांब! हात लावू नको."

मी इतक्या जोरात ओरडलो की आतून अम्मीनं विचारलं, काय पडलं? भाचा माझ्याकडे बघतच राहिला. मी उर्दू आणि मराठी शिकवणारा मास्तर. शाळेतला प्रोजेक्टर चालू करायलासुद्धा मी सातवीच्या पोरांना बोलावतो, हे त्याला ठाऊक आहे. मी त्याला आधी कंट्रोल आणि क्यू ही दोन बटणं एकदम दाबायला लावली. काही झालं नाही. मग म्हटलं, ही विंडो आहे तशी राहू दे, दुसरी उघड आणि तिच्यातून लॉगिन करून बघ. तो पासवर्ड टाकत होता तेवढ्या वेळात मी त्याला जे सांगितलं ते इथं जरा सविस्तर लिहितो.

बीएडला जाण्यापूर्वी दीड वर्ष, १९९९ ते २००१ या काळात, मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस होतो. कॉलेजचं नाव नको. काम कंत्राटी, पगार जेमतेम, पण त्यातून बीएडची फी साठणार होती. लॅबमध्ये चार युनिक्स वर्कस्टेशन्स होती आणि आतल्या गार खोलीत एक मोठं मशीन, ज्यावर सगळ्या विभागांतले संशोधक आपापल्या टेबलावरून लॉगिन करायचे. लॉगिन करायची कमांड होती आरलॉगिन. १९८३ साली बर्कलीच्या युनिक्सबरोबर, म्हणजे ४.२ बीएसडीबरोबर, ती आली होती आणि आमच्याकडे सतरा-अठरा वर्षांनी तीच चालू होती. तिच्यातून सगळं उघडं जायचं. वाटेत कान लावून बसणाऱ्याला सगळं ऐकू येईल असं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीला गेल्यावर तिथल्या टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिलं होतं, आणि आज भाचा वापरतो ते तेच. आमच्या लॅबपर्यंत ते तेव्हा पोहोचलं नव्हतं.

मला कॉम्प्युटरचं शिक्षण नव्हतं. तीन महिन्यांचा एक कोर्स केला होता आणि बाकी सगळं बघून शिकलो होतो. तरी रूटचा पासवर्ड माझ्याकडे असायचा, कारण लॅबचे प्रमुख सर रात्री फोन उचलत नसत. रूट म्हणजे त्या मशीनवरचा सर्वाधिकारी. कुणाचीही फाईल उघडू शकतो, कुणाचाही प्रोग्रॅम मारू शकतो. तेवीस वर्षांच्या पोराच्या हातात हा अधिकार असणं किती धोक्याचं असतं, हे मला तेव्हा कळलं नाही. उलट चालताना जरा छाती पुढे काढूनच चालायचो.

रसायनशास्त्र विभागात पीएचडी करणाऱ्या एक ताई होत्या. द्रवातल्या रेणूंच्या हालचालीचं गणित फोरट्रानमध्ये लिहून त्या आमच्या मशीनवर चालवायच्या. एक सकाळी त्यांचा इंटरकॉमवर फोन आला. "अरे, माझी विंडो हँग झालीय. काही टाइपच होत नाही. बघतोस का?"

मी बघितलं. बघितलं म्हणजे हू ही कमांड यू हा पर्याय लावून चालवली. मशीनवर कोण कोण आहे याची यादी त्यातून मिळते. प्रत्येक ओळीत माणसाचं नाव, कुठल्या टर्मिनलवरून आला, कधी आला, किती वेळ त्यानं बटणाला हात लावलेला नाही आणि शेवटी प्रोसेसचा नंबर. ताईंच्या नावावर दोन ओळी होत्या. एकीत, हात लावून बारा मिनिटं झाली होती. दुसरीत वेळेच्या जागी आकडा नव्हताच, तिथं लिहिलं होतं 'ओल्ड'.

चोवीस तासांहून जास्त काळ कुणी बटण दाबलं नसेल तर ती कमांड तासांचा हिशोब सोडून देते आणि 'ओल्ड' लिहिते. बस, एवढाच त्याचा अर्थ. मी मात्र वाचलं: जुनं, वाया गेलेलं, मेलेलं. अडकलेलं सेशन हेच असणार. नंबर समोरच होता. किल, उणे नऊ, नंबर, एंटर. तरी ताईंची विंडो थिजलेलीच. मग बारा मिनिटंवालीही मारली. ताईंनी पुन्हा लॉगिन केलं आणि "चालू झालं रे, थँक्यू" म्हणून फोन ठेवला. साडेअकरा वाजले होते. मी चहा प्यायला गेलो.

संध्याकाळी ताई स्वतः लॅबमध्ये आल्या. चार दिवसांपूर्वी विभागातल्या दुसऱ्या टेबलावरच्या मशीनवरून त्यांनी एक गणित लावलं होतं. ते चालू ठेवून, पडदा लॉक करून त्या निघून गेल्या होत्या. गणिताला बटणांची गरजच नव्हती, ते आपले आकडे फाईलमध्ये लिहीत चाललं होतं. आणखी दोन दिवस लागणार होते. आता त्या मशीनवर फक्त 'कनेक्शन क्लोज्ड' एवढंच होतं. प्रोग्रॅममध्ये अध्येमध्ये थांबून परत तिथूनच सुरू करायची सोय त्यांनी केली नव्हती, म्हणजे चार दिवस गेले ते गेलेच. त्यांना पुढच्या आठवड्यात मार्गदर्शकांना आकडे दाखवायचे होते.

त्यांनी विचारलं, "दुपारी लाइट गेली होती का रे?"

मी म्हणालो, "हो, थोडा वेळ गेली होती."

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. खोटं का बोललो याची दोन कारणं मी स्वतःला देत आलो. एक, नोकरी कंत्राटी होती आणि बीएडची फी निम्मीच साठली होती. दुसरं कारण या ब्लॉगच्या वाचकांना फोड करून सांगायला नको. त्या लॅबमध्ये माझ्या नावाचा मी एकटाच होतो. कुणी मला कधी वावगं बोललं नव्हतं, तरी मनात ते असतंच. दुसऱ्या मुलानं चूक केली तर ती त्या मुलाची चूक. मी केली तर ती 'त्यांच्यातल्या' मुलाची. निदान मला तसं वाटायचं. आता या वयात असंही वाटतं की दुसरं कारण खरं असलं तरी मी त्याच्याआड लपलो होतो. मुळात मी घाबरलो होतो आणि लाइटवर ढकलणं सोपं होतं. महाराष्ट्रात लाइटवर काहीही ढकलता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई परत आल्या. माझ्याशी काही न बोलता शेजारच्या टर्मिनलवर बसल्या आणि अपटाइम अशी कमांड दिली. मशीन किती काळ न थांबता चालू आहे ते त्यातून कळतं. उत्तर आलं: ६३ दिवस. मग त्यांनी लास्ट ही कमांड दिली. कोण कधी आलं, कधी गेलं याची ती वही असते आणि मशीन मध्ये बंद पडून सुरू झालं असेल तर त्याचीही नोंद तिच्यात असते. तशी नोंद नव्हती. होत्या त्या ताईंच्याच दोन ओळी, चार दिवसांची आणि बारा मिनिटांवाली, आणि दोन्ही एकापाठोपाठ साडेअकराच्या सुमारास संपलेल्या.

त्यांनी खुर्ची जराशी बाजूला सरकवली, मला पडदा दिसेल इतकी. विचारलं काहीच नाही.

मी सांगून टाकलं. लाइट गेली नव्हती हेही सांगितलं. त्या रागावल्या, चांगल्याच रागावल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "चूक झाली ते समजू शकते. काल मी इथून घरी गेले आणि रात्रभर माझ्या प्रोग्रॅममध्ये दोष शोधत बसले, ते तुझ्या एका वाक्यामुळे." मग म्हणाल्या, "सरांना तूच सांग. मी सांगणार नाही." आणि दोन दिवस त्या लॅबकडे फिरकल्या नाहीत.

सरांना सांगितलं. त्यांनी महिनाभर माझ्याकडून रूटचा पासवर्ड काढून घेतला. रात्रीचा फोन उचलणं त्यांना भाग पडलं, ही माझ्याहून त्यांनाच मोठी शिक्षा झाली. माझ्या नावाचा विषय कुणीच काढला नाही. तो माझ्याच डोक्यात होता.

तिसऱ्या दिवशी ताई आल्या त्या हातात वही घेऊन. "बस इथं," म्हणाल्या. आणि अडकलेलं सेशन कसं तपासायचं ते त्यांनी मला शिकवलं. पुढे बीएडला मला जे शिकवण्याचं शास्त्र शिकवलं गेलं त्यात इतका नीट पाठ मी पाहिला नाही.

पहिली गोष्ट, त्यांची विंडो मुळात अडकलेलीच नव्हती. घाईत कंट्रोल आणि एस ही बटणं एकदम दाबली गेली होती. ताईंनी ते माझ्यासमोर करून दाखवलं: कंट्रोल-एस, की पडदा ठप्प. कंट्रोल-क्यू, की मधल्या वेळात टाइप केलेलं सगळं धडाधड उमटलं. ही भानगड टेलिटाइप यंत्रांच्या काळातली. १९६३ सालच्या टेलिटाइप मॉडेल ३३ वर कागदाच्या पट्टीला भोकं पाडून मजकूर साठवायचे आणि ती पट्टी वाचणारं यंत्र दुरून थांबवायला एक खूण आणि चालू करायला दुसरी खूण लागायची. पट्ट्या गेल्या, यंत्रं संग्रहालयात गेली, खुणा मात्र युनिक्सच्या टर्मिनलमध्ये राहिल्या. टर्मिनलला युनिक्स आजही टीटीवाय म्हणतं, ते टेलिटाइपचंच लघुरूप. आजची पोरं फाईल सेव्ह करायला सवयीनं कंट्रोल-एस दाबतात आणि साठ वर्षांपूर्वीच्या कागदी पट्टीला थांबवून बसतात. म्हणून भाच्याला मी सगळ्यात आधी कंट्रोल-क्यू दाबायला लावलं. फुकटचा उपाय आहे, अपाय काही नाही.

त्यानं झालं नाही तर मग वाटेचा विचार. ताईंनी वहीत दोन घरं काढली आणि मध्ये रस्ता. म्हणाल्या, तुझ्या टोकाला शांतता असेल तर त्यावरून तीन गोष्टींतली कुठली बिघडलीय हे कळत नाही. तुझं घर, रस्ता की पलीकडचं घर. तिन्हींचा आवाज सारखाच, म्हणजे आवाजच नाही. म्हणून त्याच खिडकीत डोकं आपटत बसायचं नाही. दुसऱ्या वाटेनं जाऊन बघायचं. दुसऱ्या मशीनवरून पलीकडे हाक मारायची. हाकेला उत्तर आलं, लॉगिन झालं, तर रस्ता आणि घर दोन्ही ठीक आहेत आणि तुझं जुनं सेशनच तेवढं तुटलंय.

लॉगिनच होत नसेल तर ते नेमकं कुठं थांबतं ते बघायचं. पासवर्ड विचारायच्या आधीच मिनिटभर गप्प बसत असेल तर बहुतेक वेळा पलीकडचं मशीन 'हा पाहुणा कोण' म्हणून तुमच्या पत्त्यावरून नाव शोधत असतं आणि नावं सांगणारा सर्व्हर उत्तर देत नसतो. पासवर्ड घेतल्यानंतर थिजलं तर संशय घरच्या डिरेक्टरीवर. आमच्याकडे सगळ्यांच्या फाईली तिसऱ्याच एका मशीनवर असायच्या आणि एनएफएसनं नेटवर्कवरून पुरवल्या जायच्या. ते तिसरं मशीन झोपलं की सगळे झोपले. मुख्य मशीनच्या पडद्यावर मग ती ओळ यायची, 'एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग'. उत्तर येत नाही, तरी प्रयत्न चालू आहे. मला ती ओळ आवडायची, एखाद्या चिवट माणसासारखी. अशा वेळी फाईलसाठी ताटकळलेला प्रोग्रॅम किल उणे नऊनंही मरत नाही. त्याला मारत बसण्यापेक्षा तिसरं मशीन जागं करावं. ते जागं झालं की सगळे जिथं थांबले होते तिथून पुढे चालू लागतात.

आणि मारण्याबद्दल. ताई म्हणाल्या, "नऊ नंबर पहिला का वापरतोस? एक आहे, पंधरा आहे." युनिक्समध्ये प्रोसेसला जे इशारे पाठवतात त्यांना नंबर आहेत. पंधरा म्हणजे आवरून घे आणि निघ. नऊ म्हणजे आवरायलाही वेळ नाही. आणि एक नंबरचा इशारा आहे हँगअप. जुन्या काळी लोक टेलिफोनच्या तारेवरून मोडेम लावून लॉगिन करायचे. पलीकडच्यानं फोन ठेवला की मशीन त्याच्या सगळ्या प्रोग्रॅम्सना हा इशारा देई: मालक गेला, तुम्हीही निघा. मी ताईंचा लॉगिन शेल मारला तेव्हा नेमकं हेच झालं. गणिताला मी हातही लावला नव्हता. पण त्याचा मालक मेला असं कळल्यावर सिस्टिमनंच त्याला हँगअपचा इशारा पाठवला आणि ते मुकाट निघून गेलं.

भाषेच्या मास्तराला इथं थांबल्याशिवाय राहवत नाही. हँग आणि हँगअप हे इंग्रजी शब्द आपण एकाच दमात वापरतो, पण ते जवळजवळ उलटे आहेत. हँगअप म्हणजे फोन ठेवला, संवाद संपला. हँग म्हणजे लटकलं, ना संपलं ना चालू. उर्दूत त्याला नेमका शब्द आहे, मुअल्लक. कोर्टातला निकाल न लागलेला खटला मुअल्लक असतो. इस्लामपूर्व अरबी कवितेतल्या त्या प्रसिद्ध कसिद्यांनाही मुअल्लकात म्हणतात. ते काबागृहावर टांगले जायचे अशी आख्यायिका आहे. मी त्या दिवशी मुअल्लक असलेल्याचा फैसला करून टाकला होता, तोही चुकीच्या माणसाचा.

मग मेलेलं की जिवंत, हे ओळखायचं कसं? ताईंनी सोपी रीत सांगितली. पीएस कमांडनं प्रोसेसेसची यादी काढायची. प्रत्येकीसमोर तिनं आजवर प्रोसेसरचा किती वेळ घेतला ते असतं. तो आकडा लिहून घ्यायचा, एक मिनिट थांबायचं, परत बघायचा. वाढला असेल तर आत कुणीतरी काम करतंय. नसेल वाढला, तरी लगेच मारायचं नाही. ते कशाची तरी वाट बघत असेल. ती ज्या फाईलमध्ये लिहिते तिचा आकार वाढतोय का, तेही बघायचं. बटणाला हात लागला नाही याचा अर्थ माणूस तिथं नाही, एवढाच. काम नाही असा नाही.

त्यांनी गणित पुन्हा लावलं. या वेळी पुढे नोहप लिहून, म्हणजे मालक गेला तरी या प्रोग्रॅमनं हँगअपचा इशारा ऐकायचा नाही. खरं तर याहून चांगली सोय तेव्हाही होती. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात दोघांनी १९८७ मध्ये लिहिलेला स्क्रीन नावाचा प्रोग्रॅम. त्याच्या आत काम सुरू केलं की तुमची विंडो मेली तरी काम तिकडे जिवंत राहतं, आणि तुम्ही दुसरीकडून येऊन परत त्याच जागी बसू शकता. आमच्याकडे तो नव्हता. सहा दिवस मी रोज सकाळी चहाआधी जाऊन त्या फाईलचा आकार बघायचो आणि ताईंच्या वहीत तारखेसमोर लिहायचो. त्यांनी सांगितलं नव्हतं. सातव्या दिवशी आकडा तोच राहिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. गणित पूर्ण झालं होतं.

इकडे भाच्याचं दुसऱ्या विंडोतून लॉगिन झालं होतं. म्हणजे रस्ता चालू, पलीकडचं घर जागेवर. मी म्हटलं, हू करून बघ. त्याच्या नावावर दोन ओळी, आणि दोन्हींपुढचे पत्ते वेगळे. राउटर बंद होऊन परत जोडला गेला तेव्हा कंपनीच्या व्हीपीएननं त्याला नवा पत्ता दिला होता. जुन्या पत्त्यावर राहणारा माणूस आता तिथं नव्हताच, त्यामुळे थिजलेली विंडो कितीही वेळ ठेवली तरी वितळणार नव्हती. पत्ता तोच राहिला असता तर ती आपोआप सुरू होण्याची शक्यता होती. आणि तशा वेळी फुली दाबली असती तर निरोप तत्काळ पलीकडे पोहोचून प्रोग्रॅमला हँगअप मिळाला असता. कुठली गत आहे ते कळायच्या आत फुली दाबायची नाही, ते यासाठी.

पीएस केलं. प्रोग्रॅम होता. मिनिटभर थांबून परत केलं. आकडा वाढला होता. भाच्यानं सुस्कारा टाकला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पण मामू, सर्व्हरला कळेल ना की मी गेलोय? मग तो मारेल ना?"

हा प्रश्न ताईंनासुद्धा आवडला असता. पलीकडच्या मशीनला आपण गेल्याचं कळतं कसं? आपण नीट निरोप घेतला तरच. नाहीतर त्याला वाटत राहतं की पाहुणा बैठकीत बसलाय, नुसता बोलत नाहीय. प्रोग्रॅम पडद्यावर काही छापत असता तर ती अक्षरं आपल्याकडे पाठवून, पोच न आल्यानं परत परत पाठवून, लिनक्स मशीननं साधारण पंधरा मिनिटांत नाद सोडला असता आणि सेशन तोडलं असतं. याचा प्रोग्रॅम सगळं बोलणं फाईलमध्ये लिहीत होता, हे त्याचं नशीब. शांत सेशनची विचारपूस टीसीपीमध्ये दोन तासांनी सुरू होते. १९८९ च्या इंटरनेट नियमांनुसार मूळ मुदत त्याहून कमी नसावी असं ठरलंय. लिनक्सवर दोन तास शांततेचे, मग पंचाहत्तर-पंचाहत्तर सेकंदांनी नऊ हाका, म्हणजे एकूण दोन तास अकरा मिनिटं. एसएसएचच्या सर्व्हरवर स्वतःहून लवकर विचारपूस करायची सोय वेगळी लावता येते. ती दर दोन-चार मिनिटांची लावलेली असती तर सेशन एव्हाना गेलं असतं. लाइट जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती आणि ते उभं होतं. हा शेवटचा हिशोब भाच्यानंच मांडला. दोन तास अकरा मिनिटं हा आकडाही त्यानंच सांगितला, माझं ज्ञान तिथवर नव्हतं.

म्हणजे करायचं काही नव्हतं. वाट बघायची होती. त्यानं चहा केला, मी उरलेल्या वह्या तपासल्या. बारा वाजून चाळीस मिनिटांनी फाईलच्या शेवटी हवी ती ओळ आली. निकाल पूर्ण होता. त्यानं आधी तो दुसरीकडे कॉपी केला. मग जुन्या सेशनच्या शेलला एक नंबरचा इशारा पाठवला, नऊचा नाही. आणि थिजलेल्या विंडोत एंटर, टिल्ड म्हणजे ती नागमोडी खूण, आणि टिंब अशी तीन बटणं एकामागून एक दाबली. पलीकडे न जाता इकडल्या इकडे सेशन तोडायची एसएसएचची ही खूण, आणि आरलॉगिनचीही हीच होती. विंडो मोकळी झाली. इतकी वर्षं काम करून त्याला ही खूण माहीत नव्हती याचा मला थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

त्यानं त्याच रात्री स्वतःच्या मशीनवर एसएसएचला दर साठ सेकंदांनी पलीकडे हाक मारायला लावून ठेवलं. गप्प राहिलेलं सेशन घरचा राउटर विसरून जातो, ते अशानं टळतं. तीन हाका वाया गेल्या की ते थिजून न बसता सरळ तुटतं. मोठी कामं यापुढे टीमक्समध्ये लावीन म्हणाला. टीमक्स म्हणजे स्क्रीनचाच धाकटा भाऊ, २००७ सालचा.

"और वो ताई?" त्यानं विचारलं.

पीएचडी झाली त्यांची. मी तोवर बीएडला गेलो होतो. एकदा पुस्तकं परत करायला कॉलेजात गेलो तर लॅबच्या शिपायानं कपाटातून कागदात बांधलेले दोन पेढे काढून दिले, "ताईंनी तुझ्यासाठी ठेवायला सांगितलेत." पंधरा दिवस झाले असावेत, दगड झाले होते. बसस्टँडवर चहात बुडवून खाल्ले.

सहेरीला अम्मी उठली तेव्हा आम्ही दोघं जागेच होतो. रात्रीची हकीकत ऐकून तिनं एकच विचारलं, वायफायचा डबा कुठल्या बोर्डावर आहे? आणि सकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावून तो इन्व्हर्टरवर घेतला.